काकांची जर्मन टोपी

जुन्या घरांत एक तरी पेटी अशी असते कीं, तिचें कुलूप वर्षांतून एकदांच, तेंही दिवाळीच्या झाडलोटीच्या निमित्तानें, उघडावयाचें. तिच्यांतून आजोबांचा अंगरखा निघतो, पणजीचा शालू निघतो, कोरडी पडलेली अत्तरदाणी निघते. आणि एखादी अशी वस्तु निघते कीं, जिची कथा घरांतील लहानथोरांस पाठ असते, परंतु ती कथा प्रथम कोणीं सांगितली हें मात्र कोणासच ठाऊक नसतें. आमच्या घरीं ती वस्तु म्हणजे थोरल्या काकांनीं दुसऱ्या महायुद्धांतून आणलेली एक जर्मन सैनिकी टोपी. गेल्या दिवाळींत या टोपीनें आमच्या घरांत जें वादळ उठविलें, त्याची हकीकत या खेपेस वाचकांपुढें ठेवावी असें मनांत आहे. वस्तु निराळी असली तरी प्रश्न पुष्कळ घरांतला आहे. जुनी वस्तु खरी कीं बनावट हें ओळखावें कसें, आणि तिच्याबरोबर चालत आलेली गोष्ट खरी कीं खोटी हें ओळखावें कसें? हे दोन प्रश्न एकच आहेत असें आम्ही सर्व मानून चाललों होतों, आणि तेथेंच आमची चूक झाली.

आमचा वाडा वाशीम शहरांत, बालाजीच्या देवळापासून हांकेच्या अंतरावर. थोरले काका नागपुरास वैद्यकी शिकले आणि लढाईच्या दिवसांत सैन्याच्या वैद्यकीय खात्यांत, म्हणजे १९४३ सालीं स्थापन झालेल्या इंडियन आर्मी मेडिकल कोअरमध्यें, दाखल झाले. १९४६ सालीं ते परत आले, त्यांनीं गांवांत दवाखाना थाटला, चाळीस वर्षें तो चालविला, आणि लढाईविषयीं ते क्वचितच बोलले. त्यांच्या मौनाची जागा आम्हां मुलांच्या बडबडीनें भरून काढली. 'काकांनीं लिबियाच्या वाळवंटांत रोमेलच्या एका अधिकाऱ्यास पकडलें आणि त्याच्या डोक्यावरची टोपी काढून घेतली' ही आमच्या घरची कथा. ती शाळेंत गाजली, शेजारीं पोंचली, पुढें व्याह्यांस आणि जांवयांस सांगून झाली. टोपी कित्येक वर्षें माडीवरच्या खुंटीला होती, मागाहून ती ट्रंकेंत गेली. कथा मात्र कधींच ट्रंकेंत गेली नाहीं.

गेल्या वर्षीं पावसाळ्यांत वाड्याचा मागला सोपा गळूं लागला. दुरुस्तीचा खर्च मोठा. तेव्हां काकांचे थोरले चिरंजीव, म्हणजे आमचे दादा, यांनीं टोपी विकण्याची गोष्ट काढली. असल्या वस्तूंचा शोक असणारे लोक परदेशांत पुष्कळ आहेत आणि ते चांगली किंमत देतात, हें त्यांच्या कानीं आलें होतें. दिवाळीच्या सुटींत बाहेरगांवचा एक व्यापारी घरीं आला. त्यानें टोपी उलटीपालटी करून पाहिली, खिशांतून नोटा तपासावयाचा जांभळा दिवा काढला, खोलीचीं दारें लावून घेतलीं, आणि पांच मिनिटांत निकाल दिला. टोपीच्या कापडाचा रंग उडालेला आहे, पण पुढचा बिल्ला नव्यासारखा ताजा आहे. शिवाय बिल्ल्याचा दोरा दिव्यांत चमकतो, म्हणजे तो लढाईच्या काळचा नव्हे. तेव्हां बिल्ला मागाहून लावलेला, आणि ज्या अर्थीं बिल्ला लबाडीचा त्या अर्थीं टोपीचाही भरंवसा नाहीं. सिनेमावाल्यांकडे असल्या टोप्या शेकड्यानें मिळतात, असें म्हणून त्यानें इतकी क्षुल्लक किंमत सांगितली कीं, दादांनीं त्यास चहा पाजून वाटेस लावलें.

व्यापारी गेला, पण त्याचा शब्द घरांत राहिला. संध्याकाळीं फराळाच्या वेळीं एका तरुण पुतण्यानें थट्टेनें म्हटलें, "आजोबांनीं बोटींतून मुंबईस उतरतांच ती चोरबाजारांत घेतली असेल." सर्व हंसले. आंतल्या खोलींत काकू निजून होत्या. नव्वदी ओलांडली असली तरी त्यांचे कान तिखट आहेत. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांनीं दूधही घेतलें नाहीं. दादांनीं जवळ बसून विचारलें, तेव्हां त्या एवढेंच म्हणाल्या, "टोपी विकायची तर विका रे. पण त्यांना खोटें पाडून विकूं नका."

मीं चाळीस वर्षें शाळेंत इतिहास शिकविला आहे. घरांत या प्रश्नाचा निकाल लावण्याचें काम साहजिकच माझ्याकडे आलें. वाशीमच्या माणसास ही विद्या अगदीं परकी वाटावी असेंही नाहीं. आमचें हें गांव म्हणजे वाकाटकांचें वत्सगुल्म. १९३९ सालीं येथें दुसऱ्या विंध्यशक्तीचा चार पत्र्यांचा ताम्रपट उजेडांत आला; त्यांतील वंशवर्णन संस्कृतांत, दानाचा तपशील प्राकृतांत, आणि काल राजाच्या कारकीर्दीचें सदतिसावें वर्ष. ताम्रपट पारखण्याची रीत अशी कीं, तो कोणाच्या घरीं होता आणि घरचे लोक काय सांगतात हें ऐकून घ्यावें, पण त्यावर विसंबूं नये. अक्षरांचें वळण, भाषा, राजांचीं व गांवांचीं नांवें हीं एकमेकांशीं आणि इतर लेखांशीं जुळतात कीं नाहीं हें पहावें. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्यासारख्या पंडितांनीं याच रीतीनें वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा इतिहास उभा केला. तांब्याच्या पत्र्यास जो न्याय, तोच लोकरीच्या टोपीस लावावयाचा, एवढेंच मीं ठरविलें. जर्मनींत नोकरीस असलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें कांहीं सचित्र ग्रंथ पाठवून दिले, आणि माघ महिना मीं भिंग घेऊन टोपीपुढें बसून काढला.

या अभ्यासांत पहिली गोष्ट कळली ती ही कीं, 'जर्मन टोपी' ही एक वस्तु नव्हे. अधिकाऱ्यांची ताठ छज्जाची टोपी निराळी. तिला शिर्ममूत्से म्हणत. तिच्या कडेस जो रंगीत गोट असे, त्यावरून धारकाचें दळ कळे. पायदळास पांढरा, तोफखान्यास तांबडा, रणगाड्यांस गुलाबी, वैद्यकीय पथकास गडद निळा. तिच्या आंत माथ्याच्या अस्तरावर सेल्युलॉइडचा चौकट आकाराचा पारदर्शक तुकडा असून त्याखालीं कारखान्याचें नांव छापलेलें असे. सेल्युलॉइड वयोमानानें पिवळें पडतें, आक्रसतें, त्यास चिरा जातात. साध्या शिपायाची रोजची टोपी निराळी. ती घडी घालून पट्ट्यांत खोंवतां येई, आणि तिचा घाट पाहून आपल्याला गांधीटोपीचीच आठवण व्हावी. तीस शिपाई थट्टेनें 'शिफ्शेन', म्हणजे होडकें, म्हणत. आफ्रिकेंतील फौजेसाठीं केलेली तिसरी टोपी हिरवट रंगाच्या सुती कापडाची, लांब छज्जाची, वारा जाण्यासाठीं बाजूस जाळीदार भोंकें असलेली आणि बहुधा तांबड्या अस्तराची. आणि चौथी ती १९४३ च्या जूनमध्यें सर्व सैन्यासाठीं ठरविलेली लोकरी रणटोपी. तीस कापडी छज्जा असे, कानांवर ओढून घेतां येतील अशा पट्ट्या असत, आणि त्या पट्ट्या कपाळावर बारीक बटनांनीं अडकविलेल्या असत. अधिकाऱ्याच्या टोपीस माथ्याभोंवतीं रुपेरी गोट, शिपायाच्या टोपीस कांहीं नाहीं.

दुसरी गोष्ट ही कीं, नकली टोपी तीन प्रकारची असते. एक सिनेमा-नाटकांसाठीं केलेली. तिच्या कर्त्याचा फसविण्याचा हेतु नसतो, फसवितो तो पुढला विकणारा. दुसरी मुद्दाम फसविण्यासाठीं केलेली. आणि तिसरी, सर्वांत अवघड, ती खरोखरच जुनी आणि खरोखरच सैनिकी असते, पण लढाईनंतरच्या जर्मन किंवा ऑस्ट्रियन दलांची. त्या टोप्या घाटानें इतक्या सारख्या कीं, बटन बदललें आणि बिल्ला डकविला म्हणजे काम झालें. म्हणून टोपी 'जुनी दिसते' या साक्षीला फारशी किंमत नाहीं. जुनेंपण आणतांही येतें. चहाकॉफीच्या पाण्यांत बुडवून डाग पाडतात, कांचकागदानें घासून झीज करतात. खऱ्या झिजेला मात्र कारण असतें. घामाचा डाग कपाळाशीं दाट आणि मागें फिकट असतो. जेथें बोटें लागतात तेथें छज्जाची कड गुळगुळीत होते. कसर लोकर खाते, पण शेजारचा सुती दोरा शाबूत ठेवते. सारख्या रंगाचा डाग सर्वत्र पसरलेला दिसला कीं, तो माणसाच्या डोक्याचा नसून कढईंतला आहे असें खुशाल समजावें.

कापड आणि दोरा यांची परीक्षा गृहिणींस शिकवावयास नकोच. आंतल्या शिवणींतला एक तंतु चिमट्यांत धरून ज्योतीला लावावा. लोकर असली तर केंस जळल्याची घाण येते आणि राख बोटांत चुरते. सूत किंवा रेयॉन कागदासारखें जळतें. पण तंतु वितळून त्याची कडक गोळी झाली तर तो कृत्रिम आहे असें समजावें. पॉलिएस्टरचा शोध इंग्लंडांत १९४१ सालीं लागला आणि तो बाजारांत लढाई संपल्यानंतरच आला. तेव्हां जर्मन रणटोपीच्या मूळ शिवणींत तो सांपडण्याचें कारण नाहीं. ही परीक्षा एकाच तंतूवर करावी. पुराव्यासाठीं पुरावाच जाळून टाकूं नये.

आतां त्या जांभळ्या दिव्याचें. लढाईनंतरच्या काळांत कापड, दोरा आणि साबण यांत पांढरेपणा खुलविणारीं रसायनें सर्रास पडूं लागलीं. आपल्याकडे त्यांतलें एक टिनोपाल या नांवानें घरोघरीं ठाऊक आहे. जांभळ्यापलीकडल्या किरणांत हीं रसायनें निळसर पांढरीं चमकतात. म्हणून जुन्या वस्तूचा दोरा चमकला तर संशय घ्यावा हें खरें. परंतु हा दिवा फक्त एवढेंच सांगतो कीं, हें रसायन येथें आहे. तें कारखान्यांत लागलें, कीं कोणी भाबड्या सुनेनें खरी टोपी टिनोपालच्या पाण्यांतून काढली तेव्हां लागलें, हें दिव्याला सांगतां येत नाहीं. उलट, नकली मालाचा शहाणा कारागीर न चमकणारा दोरा शोधून वापरतो. तेव्हां दिवा हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. आमच्या व्यापाऱ्यानें त्याला न्यायाधीश केलें.

राहिला बिल्ला. जर्मन सैन्याच्या टोपीवर पंख पसरलेला गरुड, त्याच्या पायांत स्वस्तिक, आणि खालीं काळा-पांढरा-तांबडा गोल असे. सैन्याचा गरुड आपल्या उजवीकडे पाहतो, नाझी पक्षाचा डावीकडे. घाईनें केलेल्या नकलेंत हाच घोटाळा होतो. रणटोप्यांचे बिल्ले पुष्कळदां भरतकामाचे नसून यंत्रावर विणलेले असत. वुपर्टाल येथील एवाल्ड फोर्स्टेहेर यांच्या फीत-कारखान्याच्या नांवावरून या विणकामाला 'बेव्हो' असेंच नांव पडलें आहे. मागून पाहिलें तर रेषांचे आडवे धागे नीटनेटके दिसतात. नकलेंत ते जाड व सैल असतात.

एवढी तयारी झाल्यावर मीं आमची टोपी पुढें घेतली. कापड करड्या-हिरव्या लोकरीचें, भेसळ असलेलें पण लोकरच. छज्जा कापडी. कपाळावर दोन बारीक बटनें. आंत करड्या रेयॉनचें अस्तर, त्यावर ५६ हा मापाचा आंकडा आणि खालीं एक लांब, पुसट क्रमांक. लढाईच्या उत्तरार्धांत कारखान्याच्या नांवाऐवजीं असे क्रमांक छापूं लागले होते. घामाचा डाग कपाळाशीं. दोन ठिकाणीं कसर. मूळ शिवणींतला एक तंतु कागदासारखा जळला. थोडक्यांत, टोपी खरी होती. १९४३ च्या जूनमध्यें ठरलेल्या नमुन्याची होती. आणि रुपेरी गोट नसल्यामुळें अधिकाऱ्याची नसून साध्या शिपायाची होती.

काकूंना ही बातमी सांगावयास मी उठलोंच होतों, तों मनांत आलें आणि मी पुन्हां खालीं बसलों. आफ्रिकेंतील लढाई १३ मे १९४३ रोजीं ट्यूनिशियांत जर्मन व इटालियन सैन्यें शरण आल्यावर संपली. ज्या टोपीचा नमुनाच जूनमध्यें ठरला, ती लिबियाच्या वाळवंटांत कोणाच्या डोक्यावर असणार? मीं काकांच्या पदकांचा डबा काढला. त्यांत तांबडा, पांढरा, हिरवा, पांढरा, तांबडा अशा पांच सारख्या पट्ट्यांच्या फितीचा सहा टोंकी तारा होता. तो इटली स्टार, म्हणजे १९४३ ते १९४५ या काळांतील इटलीच्या मोहिमेचा. आफ्रिका स्टार त्यांत नव्हता. काका आफ्रिकेच्या लढाईंत नव्हतेच. ते होते इटलींत. जेथें आपल्या हिंदी सैन्याच्या चवथ्या, आठव्या व दहाव्या डिव्हिजनी लढल्या, जेथें कुलाबा जिल्ह्यांतले, म्हणजे आतांच्या रायगडचे, यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजीं टायबरच्या खोऱ्यांत धारातीर्थीं पडले, आणि नगर जिल्ह्यांतले नामदेव जाधव यांनीं ९ एप्रिल १९४५ रोजीं सेनिओ नदीच्या कांठीं जखमी सोबत्यांस पाठीवर घेऊन वाचविलें. दोघांसही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एवढी मोठी हकीकत आमच्या मुलखाच्या माणसांची असून आम्हां पोरांस रोमेल तेवढा ठाऊक होता. म्हणून आम्हीं काकांस आफ्रिकेंत नेलें.

टोपी खरी ठरली, आणि त्याच पुराव्यानें कथा खोटी ठरली. आणि बिल्ल्याचा प्रश्न अजून तसाच होता. तो टोपीपेक्षां ताजा होता हें व्यापाऱ्याचें म्हणणें बरोबर होतें. दोरा आंतल्या गांठीशीं चमकत होता हेंही बरोबर. पण भिंगाखालीं आणखी एक गोष्ट दिसली ती त्यानें पाहिली नव्हती. बिल्ला हातशिलाईनें, बारीक हेम घालून लावलेला होता. आणि त्या टांक्यांच्या शेजारीं टोपीच्या कापडांत रिकाम्या भोंकांची एक नागमोडी ओळ होती. ती यंत्राची टीप होती, आणि तिच्यांतला दोरा काढून घेतलेला. बिल्ल्याची कड उचलून पाहिली तर तिच्यावरही तशीच ओळ. टांचणीनें मोजलें. भोंकाभोंकांतलें अंतर जुळलें, वळणें जुळलीं, एका कोपऱ्यांत यंत्र अडखळून दोन टांके एकांत एक पडले होते ते देखील दोहोंकडे जुळले. दुसऱ्या टोपीचा बिल्ला आणून लावला असता तर असें जुळतें ना. हा बिल्ला याच टोपीचा. कोणीं तरी तो उसवला होता आणि कोणीं तरी तो पुन्हां जेथला तेथें बसविला होता. कोणीं आणि कां, हें मात्र भिंग सांगेना.

मीं टोपी घेऊन काकूंच्या खाटेशीं गेलों आणि बिल्ला दाखवून विचारलें. त्या जराशा हंसल्या.

"अरे, तो मीं शिवला. पांढऱ्या दोऱ्याशिवाय घरांत दुसरा दोरा नव्हता. उठून दिसूं नये म्हणून चहाच्या पाण्यांत बुडवला होता."

"पण उसवला कोणीं, काकू?"

"सासूबाईंनीं. माझ्या लग्नाच्या आधींची गोष्ट. त्यांनींच मला सांगितली. हे लढाईहून आले, टोपी ट्रंकेंतून निघाली, तेव्हां स्वस्तिक पाहून सासूबाईंना प्रथम आनंद झाला. परक्या मुलखांतही देवाचें चिन्ह आहे म्हणाल्या. मग त्यांनीं ह्यांना विचारलें, हें चिन्ह डोक्यावर घालून ते लोक काय करीत असत? ह्यांनीं सांगितलें असेल तें सांगितलें. सासूबाई कांहीं बोलल्या नाहींत. सुई घेतली आणि एकेक टांका उसवून बिल्ला काढला. फेंकला नाहीं. चिन्हाचा दोष नाहीं म्हणाल्या, आणि पोथीच्या बासनांत ठेवून दिला. एकसष्ट सालीं त्या गेल्या, तेव्हां पोथी सोडली त्यांत मला तो मिळाला. मीं ह्यांना विचारलें, याचें काय करूं? म्हणाले, टोपीची वस्तु आहे, टोपीला लाव. ती टोपी आपली नाहीं."

पंधरा वर्षें बिल्ला पोथींत दाबून राहिला म्हणून ताजा. टोपी खुंटीवर राहिली म्हणून फिकी. दोरा वाशीमच्या बाजारांतला म्हणून चमकणारा. व्यापाऱ्याच्या दोनही साक्षी खऱ्या होत्या, आणि त्यांवरून त्यानें काढलेला निष्कर्ष चुकीचा होता.

"आपली नाहीं म्हणजे?" मीं विचारलें.

"इटलींत ह्यांच्या इस्पितळाच्या तंबूंत एक कैदी पोर होतें. पायाला जखम होती त्याच्या. एका रात्रीं त्याला दुसरीकडे हलविलें, घाईंत टोपी खाटेखालीं राहिली. भेटला तर देऊं म्हणून ह्यांनीं ठेवली. मग लढाई संपली, हे घरीं आले. देणें राहून गेलें."

"आणि तें वाळवंट? तो अधिकारी?"

"तें तुम्हां पोरांचें. ह्यांच्या कानांवर होतें सगळें. खेळूं दे म्हणत."

तें पोरांचें नव्हतें; एका पोराचें होतें. काकू हें बोलल्या आणि मला पांचवीचा वर्ग आठवला. 'आमच्या घरांतील शूर पुरुष' अशा कांहींशा विषयावर निबंध होता, आणि मला काकांविषयीं लिहावयाचें होतें. ते कांहीं सांगत नव्हते, म्हणून मीं लिहिलें. वाळवंट माझें, अधिकारी माझा, पकडापकडी माझी. निबंधास गुण चांगले मिळाले, तो वर्गांत वाचून दाखविला गेला, आणि वर्षाभरांत ती गोष्ट घरांतल्या वडील मुलांच्याही तोंडीं बसली. पुढें मीं चाळीस वर्षें मुलांस पुराव्यावांचून कांहीं मानूं नये असें शिकविलें, आणि प्रत्येक नव्या जांवयास ही गोष्ट स्वतःच्या तोंडानें सांगितली. कथेचा कर्ता शोधीत जातां मी माझ्याच दारीं येऊन थांबलों. काकांस खोटें कोणीं पाडलें असेल तर तें व्यापाऱ्यानें नव्हे. त्यांनीं एका जखमी पोराची वस्तु जपून ठेवली होती, आणि मीं तिची लूट करून टाकली.

काकूंची हकीकत खरी कशावरून, असें कोणी विचारील. तिला कागदी पुरावा नाहीं हें कबूल केलें पाहिजे. परंतु ती टोपीशीं विसंगत नाहीं. टोपी शिपायाची आहे, काल इटलीचा आहे, काका इस्पितळांत होते. अस्तराच्या आंतल्या कडेस शाईनें लिहिलेलीं दोन लॅटिन अक्षरें आहेत. शिपाई आपल्या वस्तूंवर नांवाचीं आद्याक्षरें घालीत. जर्मन सैनिकांच्या नोंदी ठेवणारें बर्लिनचें जुनें दप्तर २०१९ सालापासून तेथील राष्ट्रीय अभिलेखागारांत सामील झालें आहे, आणि तेथें कुटुंबीयांच्या पृच्छांस उत्तरें मिळतात. पण दोन अक्षरांवरून माणूस सांपडत नाहीं. वाळवंटाची कथा मात्र टोपीनें, पदकांनीं आणि तारखांनीं, तिन्हीं बाजूंनीं, नाकारली आहे. एक गोष्ट सिद्ध झालेली नाहीं आणि दुसरी असिद्ध ठरली आहे. या दोहोंत मोठा फरक आहे, आणि तो घरांतल्या मुलांस समजावून देण्याजोगा आहे.

टोपी विकावयाची नाहीं असें ठरलें. सोप्याच्या दुरुस्तीस आम्हां भावांनीं वर्गणी केली. टोपी दिवाणखान्यांत मांडावी अशी तरुण मंडळींची इच्छा होती. ती मोडावी लागली. ज्या राजवटीनें साठ लक्ष ज्यूंचा संहार केला तिचें तें चिन्ह आहे. खुद्द जर्मनींत तें उघड मिरविणें कायद्यानें गुन्हा आहे, आणि आजीनें तर तो निकाल १९४६ सालींच दिला होता. टोपी पुन्हां ट्रंकेंत गेली, परंतु या खेपेस एकटी गेली नाहीं. मीं एक जाड कागद घेऊन त्याचे दोन भाग केले. डावीकडे 'टोपी काय सांगते' तें लिहिलें: कापड, नमुना, माप, क्रमांक, भोंकें, दोरा. उजवीकडे 'माणसें काय सांगतात' तें लिहिलें. कोणीं, केव्हां, कोणाकडून ऐकून सांगितलें, हें नांवनिशींवार. खालीं वाळवंटाच्या कथेचा कर्ता म्हणून माझें नांव घातलें. कागद काकूंस वाचून दाखविला, त्यांनीं दोन शब्द दुरुस्त करविले, आणि थरथरत्या हातानें सही केली. त्या थट्टेखोर पुतण्यानें त्याची स्वच्छ प्रत काढली. त्यास कोणीं सांगावें लागलें नाहीं.

ज्यांच्या घरीं अशी एखादी वस्तु असेल, मग ती टोपी असो, तलवार असो कीं पणजोबांची पगडी असो, त्यांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें. ती धुऊं नये, तीस इस्त्री करूं नये, टिनोपाल तर मुळींच नको. आंतून मऊ कागद भरून तिचा घाट राखावा, धुतलेल्या मलमलींत गुंडाळून उन्हापासून दूर ठेवावी, आणि पावसाळ्यानंतर एकदां सावलींत वारा द्यावा. उसवलेलें शिवावयाचें झालें तर कोणीं, केव्हां, कोणत्या दोऱ्यानें शिवलें हें चिठीवर लिहून तिच्यांत ठेवावें. आणि घरांत नव्वदीचें माणूस असेल तर जाणत्याला बोलावण्यापूर्वीं त्याच्या खाटेशीं जाऊन बसावें. आम्हीं प्रथम व्यापाऱ्यास विचारलें, मग ग्रंथांस विचारलें, आणि काकूंस सर्वांच्या शेवटीं विचारलें. त्या बाजूच्याच खोलींत होत्या.